हवेचे माप आणि कामगार



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. असा माणूस हवा मोजण्याच्या घरगुती यंत्राविषयी बोलायला उभा राहतो, याचे कुणाला नवल वाटले तर आम्ही रागावणार नाही. पण या विषयाकडे आम्ही आलो ते तराजूच्या वाटेने.

विलायतेतील खाणकामगारांना पूर्वी काढलेल्या कोळशाच्या वजनावर मजुरी मिळे, आणि वजन करणारा असे मालकाचा माणूस. गाडी शिगोशीग भरली तरी काटा हलकाच! त्या कामगारांनी एक मागणी धरून ठेवली : काट्याशेजारी आमचाही माणूस उभा राहू द्या. १८६० च्या कायद्याने हा हक्क मान्य केला. माप आमच्या डोळ्यांदेखत व्हावे, एवढीच ती मागणी होती. पण तिच्यात सगळी कामगार चळवळ सामावलेली आहे, असे आम्हाला वाटते.

आमच्या गावालगत ओतकामाचे कारखाने आहेत. तिथल्या एका जुन्या साथीदाराची छाती साच्यांच्या वाळूने पोखरली. दवाखान्याच्या कागदावर मात्र वर्षानुवर्षे क्षय लिहिला गेला. तो गेल्यावर त्याच्या बायकोने भरपाईचा अर्ज केला, तेव्हा तिला प्रश्न आला : धूळ होती याला पुरावा काय? पुरावा तिच्या नवऱ्याच्या फुफ्फुसात होता, तो चितेवर गेला. त्या दिवशी आम्हाला कळले की आमच्याजवळ मोर्चे आहेत, घोषणा आहेत, पण माप नाही.

पुढे एका वायरमन सभासदाच्या मुलाने आमचे डोळे उघडले. तो आयटीआयमध्ये शिकत होता. इटलीतील इव्रेआ गावच्या एका संस्थेत २००५ साली 'आर्डुइनो' नावाची छोटी विद्युत्-पट्टी तयार झाली. विद्यार्थ्यांना आणि हौशी माणसांना स्वस्तात यंत्रे जोडता यावीत, हा तिचा हेतू. तिच्यावर जो चिमुकला संगणक असतो त्याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. तशाच जातीच्या, बिनतारी संदेश पाठवणाऱ्या पट्ट्या आज बाजारात काही शे रुपयांना मिळतात. जर्मनीतील श्टुटगार्ट शहरात २०१५ पासून नागरिकांनी अशा पट्टीला धूळमापक जोडून, प्लास्टिकच्या नळाच्या दोन कोपऱ्यांत बसवून, ती घराघरांवर टांगली. आमच्या पोराने तोच नमुना उचलला.

यंत्राची करामत सोपी आहे. एक लहान पंखा हवा आत ओढतो. आत लेसर किरण असतो. धुळीचा कण त्याच्या आड आला की प्रकाश विखुरतो. तो विखुरलेला प्रकाश दुसऱ्या डोळ्याला दिसतो, आणि त्यावरून कण किती याचा अंदाज निघतो. अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुफ्फुसात खोलवर उतरतात. आपला केस त्याच्या वीसपट तरी जाड असतो. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकाप्रमाणे मोकळ्या हवेत अशा कणांचे दिवसाचे सरासरी प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमवर जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तो आकडा १५ वर आणला.

आता आमची फजिती सांगतो. पौषातल्या एका धुक्याच्या पहाटे आमच्या यंत्राने तीनशेच्या वर आकडा दाखवला. आम्ही तो घेऊन तडक अधिकाऱ्यांपुढे गेलो, टेबलावर हात आपटला. त्यांनी शांतपणे कागद पाहिला आणि विचारले, "त्या दिवशी कारखान्याला साप्ताहिक सुट्टी होती ना?" आम्ही मान खाली घातली. दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात, धुक्याचे थेंबही यंत्राला धूळच वाटतात. मालकाच्या खोट्या काट्यावर आम्ही जन्मभर बोललो, आणि आमचाच काटा खोटा निघाला!

मग आम्ही शहाणे झालो. यंत्रात आर्द्रता मोजणारा भाग बसवला. सत्तर टक्क्यांहून जास्त आर्द्रतेचे आकडे वेगळ्या रकान्यात लिहू लागलो. परवानगी काढून तीन आठवडे आमचे यंत्र शहरातील सरकारी केंद्राशेजारी ठेवले, दोन्ही आकडे रोज ताडून पाहिले आणि फरक वहीत नोंदवला. आमच्या यंत्राला वाळूची धूळ आणि चुलीची राख यांतला भेद कळत नाही. हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहिले.

त्यानंतर ते कारखान्यामागच्या चाळीवर दोन महिने टांगले. कोरड्या रात्रींचेच आकडे धरले. कामाच्या दिवशी रात्री एक ते तीन आकडा चढे. सुट्टीच्या रात्री चढत नसे. ही वही, आमच्या चुकीच्या पानासकट, आम्ही कचेरीत दिली. काही दिवसांनी तपासणी झाली, ती न कळवता आणि रात्री. धूळ ओढणारा पंखा बंद होता. पुढे तो चालू झाला, आणि आजवर चालू आहे.

चार हजारांच्या आतल्या आमच्या यंत्राने कुणावर खटला जिंकला नाही. त्याने सरकारचे खरे यंत्र योग्य वेळी योग्य जागी आणले, एवढेच केले. काट्याशेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाचे कामही तेवढेच असते. मात्र त्याचा स्वतःचा डोळा स्वच्छ हवा. आपल्या बाजूचे खोटे वजनही त्याला दिसले पाहिजे.

त्या विधवेला भरपाई मिळाली नाही. तिच्या नवऱ्याची हवा कुणी मोजली नव्हती. तिचा मुलगा आज त्याच कारखान्यात साचे घडवतो. त्याच्या घरावरची वही रोज भरली जाते, आणि ती तीच भरते.