गंगापूरच्या धरणांतील गाळ

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



ज्या सागवानी बांकांवर आपण बसलों आहोंत, त्यांचें लांकूड एके काळीं कोठल्या तरी डोंगरावर उभें होतें. त्या डोंगराचें पुढें काय झालें, हें विचारण्याची बुद्धि आम्हांस आजवर झाली नाहीं. म्हणून हे चार शब्द.

नाशिकच्या पश्चिमेचा त्र्यंबक, पेठ, इगतपुरी हा प्रदेश पूर्वीं दाट रानाचा होता. सन 1865 मध्यें आगगाडी थळ घाट चढली आणि सागाला मोठें गिऱ्हाईक मिळालें. सन 1878 मध्यें पेठ संस्थान खालसा झालें, व त्याच वर्षीं सरकारनें वनांचा कायदा केला. राखीव रानांत डोंगरी माणसास मज्जाव झाला. ठेकेदाराच्या कुऱ्हाडीस मात्र परवाना मिळाला.

रान कोणीं खाल्लें असें विचारलें कीं महादेव कोळी, वारली, कोकणा यांच्या राबाकडे बोट दाखविण्याची आमची रीत आहे. भाताच्या रोपासाठीं ते फांद्या तोडून वाफ्यावर भाजतात, हें खरें. परंतु लांकडाच्या मोळ्या आणि कोळशाचीं पोतीं शहराकडे येत, तीं आमच्याच चुलींसाठीं येत, हें आम्ही सोयीनें विसरतों.

झाडाखालचा पालापाचोळा पावसाचा मारा झेलतो, मुळें माती धरून ठेवितात, आणि पाणी सावकाश झऱ्यांस पोंचतें. आपला डोंगर काळ्या पाषाणाचा. त्यावर मातीचा थर तो केवढा! झाडांचें छत्र गेलें कीं एकदोन पिढ्यांत खडक उघडा पडतो. म्हणूनच जेथें नाशिकापेक्षां कितीतरी अधिक पाऊस कोसळतो, त्याच पेठ-त्र्यंबकच्या पाड्यांत वैशाखांत बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात.

आणि वाहून गेलेली माती? ती आपल्याच पिण्याच्या पाण्यांत येऊन बसते. गंगापूरचें धरण 1965 सालीं पुरें झालें. त्यांत मूळ सुमारें 7,200 दशलक्ष घनफूट पाणी मावत असे; आज सुमारें 5,630 मावतें. पंचमांशाहून अधिक जागा गाळानें व्यापिली आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनीं 2015 सालच्या परिपत्रकांत पृथ्वीला आपलें सामाईक घर म्हटलें. त्या घरांतील आमच्या वाट्याची खोली ती ही.

यंदा ज्युबिलीचीं रोपें लावावयाचीं आहेत. गुलमोहर अंगणांत शोभतो. डोंगरावर जांभूळ, हिरडा, उंबर हींच झाडें लावावीं. रोपास पहिले दोनतीन उन्हाळे पाणी घालावें लागतें. तें कोण घालणार, त्यांचीं नांवें आज सभा उठण्यापूर्वीं लिहून घ्यावीं.