पोटाचे चित्र आणि पोटाचा प्रश्न
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



भांडवलदार कसा ओळखावा, या प्रश्नाचे उत्तर डाव्या चळवळीच्या व्यंगचित्रकारांनी गेली शंभर वर्षे एकाच रेषेने दिले आहे. ती रेषा म्हणजे पोटाचा घेर. सोव्हिएत चित्रकार व्हिक्टर डेनी याने क्रांतीनंतरच्या पहिल्या वर्षांत काढलेल्या 'भांडवल' या भित्तिपत्रकात सोन्याच्या नाण्यांच्या राशीत बसलेला एक स्थूल पुरुष आहे. मराठी भित्तिपत्रकांतला ढेरपोट्या शेठजी हा त्याचाच भाऊबंद. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुराच्या बरगड्या मोजता येत होत्या, तेव्हा या चित्राला निश्चितच एक अर्थ होता. ज्याचे पोट भरलेले तो एका बाजूला, ज्याचे रिकामे तो दुसऱ्या बाजूला, एवढे ते सांगत होते.

परंतु त्या चित्रात आरंभापासून एक गफलत होती. पिळवणूक ही मालकी आणि मजुरी यांच्या संबंधात असते, शरीराच्या आकारात नसते. किडकिडीत सावकार आणि धिप्पाड हमाल हे दोघेही या देशाने पाहिले आहेत. आज तर ती गफलत निव्वळ अज्ञानाची राहिलेली नाही, ती अन्यायाची झाली आहे.

वस्तुस्थिती पाहा. जेफ्री सोबल आणि अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकन संशोधकांनी १९८९ साली जगभरातील अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवून दिले की, गरीब देशांत स्थूलता संपन्न वर्गात अधिक आढळते, तर श्रीमंत देशांतील स्त्रियांमध्ये ती खालच्या वर्गात अधिक आढळते. भारत या दोन अवस्थांच्या मधोमध उभा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील शंभर स्त्रियांपैकी सुमारे १९ अपुऱ्या वजनाच्या, तर २४ वाजवीपेक्षा अधिक वजनाच्या होत्या. सुखवस्तू घरांत हे दुसरे प्रमाण अजूनही अधिक आहे, हे खरे. परंतु ग्रामीण भागातही ते पाचांत एकाच्या जवळ पोहोचले होते.

हे का घडले? माणसे एकाएकी अधाशी झाली म्हणून नव्हे. १९९४ साली पामोलिनची आयात खुली झाली. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते आणि त्यात पामतेलाचा वाटा सर्वांत मोठा आहे. रेशनच्या दुकानात गहू-तांदूळ मिळतो. डाळ, भाजी, फळे, दूध मात्र बाजारभावाने घ्यावे लागते. दहा-बारा तास टेबलाशी, यंत्राशी किंवा दुकानात जखडलेला कामगार घरी परतताना ज्या रुपयांत सर्वाधिक भूक भागते ते विकत घेतो, आणि ते म्हणजे बहुधा तळलेले पीठ असते. वस्तीत मैदान नाही, रस्त्याला पदपथ नाही, अंधार पडल्यावर बाईला एकटीने फिरायची सोय नाही. त्यात आनुवंशिकता, काही औषधांचे परिणाम, बाळंतपण आणि अपुरी झोप यांची भर पडते. इतकी कारणे एकवटून घडलेल्या शरीराकडे बोट दाखवून समाज म्हणतो, 'हा आळशी आहे, हिला जिभेवर ताबा नाही.'

हा युक्तिवाद कार्यकर्त्यांच्या परिचयाचा असला पाहिजे. गरीब माणूस आळशी म्हणून गरीब, दलित अस्वच्छ म्हणून अस्पृश्य, कामगार व्यसनी म्हणून कर्जबाजारी, ही त्याच युक्तिवादाची जुनी रूपे होत. व्यवस्थेचा दोष व्यक्तीच्या शीलावर ढकलायचा आणि त्या व्यक्तीला तो खरा वाटेपर्यंत बोलत राहायचे, ही त्याची रीत. गरिबीच्या बाबतीत समाजवाद्यांनी तो धुडकावला. जाड माणसाच्या बाबतीत मात्र त्यांतले कित्येक जण तोच युक्तिवाद हसत हसत करतात.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. वाढलेले वजन मधुमेहाला, रक्तदाबाला आमंत्रण देत नाही काय? अनेकदा देते, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु वजनकाटा हा माणसाच्या प्रकृतीचा न्यायाधीश नव्हे. ज्याला आज बॉडी मास इंडेक्स म्हणतात, त्या गणिताचे मूळ एकोणिसाव्या शतकातील बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले याच्या कामात आहे. तो लोकसमूहातील 'सरासरी माणूस' शोधत होता, रोग्याची तपासणी करीत नव्हता. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. दोघांचा निर्देशांक २२.३ असा एकच. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाला मधुमेह का गाठतो, याचा उलगडा पुण्यातील या संशोधनाने केला. तेव्हा नुसत्या नजरेने कोणाला निरोगी आणि कोणाला रोगी ठरवणे हे शास्त्र नव्हे, तो पूर्वग्रह आहे.

शिवाय हिणवण्याने वजन उतरत नाही. वजनावरून भेदभाव सोसावा लागल्याचे सांगणारी माणसे पुढील काही वर्षांत स्थूल होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीचपट असते, असे एका अमेरिकन पाहणीतून २०१३ साली दिसून आले. ज्याला दवाखान्यात पहिले वाक्य टोमण्याचे ऐकावे लागते, तो पुढल्या वेळी दवाखान्यात जाणेच टाळतो, आणि साधे दुखणे बळावते. म्हणजे आरोग्याच्या नावाने केलेली ही हेटाळणी आरोग्याचीच वैरीण ठरते.

याचा सर्वांत मोठा भार स्त्रीवर पडतो. विवाहविषयक जाहिरातींत 'गोरी' या शब्दाशेजारी 'सडपातळ' हा शब्द आजही ठाण मांडून आहे. १९४७ च्या 'दर्द' चित्रपटातील गाण्याने लोकप्रिय झालेल्या उमादेवी यांना चित्रसृष्टीने पुढे 'टुणटुण' केले. गळ्यापेक्षा देह विनोदाला अधिक उपयोगी ठरला, आणि त्यांचे पडद्यावरचे नाव गल्लोगल्लीच्या जाड मुलींना चिडवण्याचा शब्द बनले.

आणि हा प्रश्न केवळ चिडवण्याचा नाही, भाकरीचा आहे. एअर इंडियाच्या हवाई सुंदरीने पहिल्या गर्भारपणी नोकरी गमवावी, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली नर्गेश मिर्झा खटल्यात रद्द ठरवला. तो स्त्रीच्या श्रमाचा विजय होता. परंतु वजनाच्या अटीसंबंधी दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ साली इंडियन एअरलाइन्सची बाजू उचलून धरली, आणि २००९ च्या जानेवारीत, तेव्हा सरकारी मालकीच्या असलेल्या एअर इंडियाने वजनाचे कारण देऊन काही हवाई सुंदरींना कामावरून दूर केले. कामातील कसूर आणि काट्यावरील आकडा या दोन भिन्न गोष्टी आहेत. मालकाने श्रम विकत घेतलेले असतात, देहाचा आकार नव्हे, हे कामगार चळवळीने ठणकावून सांगायला हवे होते.

अन्यत्र हे सांगितले गेले आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्याने १९७६ च्या नागरी हक्क कायद्यात उंची आणि वजन यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली. न्यूयॉर्क शहराने २०२३ साली तसाच कायदा केला. त्याही आधी, १९७३ साली, लॉस एंजेलिसमधील स्त्रियांच्या एका गटाने स्थूल माणसांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला. त्याचा शेवट कम्युनिस्ट जाहीरनाम्याच्या शेवटच्या घोषणेवर बेतलेला आहे. वजन घटवून देण्याचा धंदा लोकांच्या शरमेवर पोसला जातो, हे त्या स्त्रियांनी पन्नास वर्षांपूर्वी ओळखले होते.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढील कामे स्पष्ट आहेत. कामगार संघटनांनी सेवाशर्तींतील वजनाच्या अटी तपासाव्यात आणि कामाशी संबंध सिद्ध न होणाऱ्या अटींना विरोध करावा. भेदभावाविरुद्धच्या कायद्यात शरीराच्या आकाराचा समावेश व्हावा, ही मागणी पक्षाने कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावी. रेशनवर डाळ आणि तेल, वस्तीत मैदान आणि कामाचे मर्यादित तास या जुन्या मागण्या आरोग्याच्याही मागण्या आहेत, हे लोकांना समजावून द्यावे. शिबिरांतून, बैठकांतून जाड कार्यकर्त्याची थट्टा बंद व्हावी. ती थट्टा सोसवत नाही म्हणून घरी बसलेल्या भगिनी चळवळीने गमावल्या, तर तो तोटा चळवळीचाच आहे.

आणि पुढचे भित्तिपत्रक रंगवताना चित्रकाराने ढेरीऐवजी मालकाच्या हातातील हजेरीपट आणि हिशेबाची वही काढावी. लूट तेथे आहे. मोर्चात घामाघूम होऊन चालणारी जाड बाई ते चित्र पाहील, तेव्हा ते आपल्याविरुद्ध काढलेले आहे असे तिला वाटता कामा नये.