काढून टाकलेल्या ओळी
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



'मी काय काम करते' यावर प्रत्येकाने दहा मिनिटं बोलायचं, असं संयोजकांनी सांगितलंय. माझ्या आधीच्या मंडळींना ते सोपं गेलं. कुणी दवाखान्याचे फोटो दाखवले, कुणी द्राक्षबागेचे. माझी अडचण अशी की मला ज्या कामाचं सगळ्यात जास्त समाधान आहे ते काम म्हणजे काढून टाकलेला कोड. तो दाखवणार कसा? तो आता नाहीच.

नोकरी सांभाळून मी ई-मेलचा एक प्रोग्रॅम लिहिणाऱ्या गटात काम करते. हा प्रोग्रॅम फुकट आहे आणि जगभरची माणसं मिळून तो लिहितात. मेल उघडताना 'हा माणूस तोच का?' हे सर्व्हरला पटवून द्यावं लागतं. ते काम करणाऱ्या अनेक जुन्या पद्धती आमच्या प्रोग्रॅममध्ये होत्या. त्यातली एक होती कर्बेरॉस, आवृत्ती ४. ग्रीक पुराणातल्या तीन डोक्यांच्या राखणदार कुत्र्याचं हे नाव. ही पद्धत १९८० च्या दशकात एमआयटीत तयार झाली. (पुण्याच्या नव्हे, अमेरिकेतल्या.)

तिची कल्पना आपल्याला नवीन नाही. मी सांगलीला वालचंदमध्ये शिकत होते तेव्हा वर्गातल्या काही मुली तासगाव, इस्लामपूरहून एसटीने यायच्या. कॉलेजचा दाखला एकदा डेपोत द्यायचा, पास घ्यायचा आणि मग रोज कंडक्टरला फक्त पास दाखवायचा. कंडक्टर मुलीला ओळखत नाही, त्याचा विश्वास डेपोच्या शिक्क्यावर. पास मुदतीचा, हरवला तरी नुकसान तेवढ्यापुरतं. कर्बेरॉस हेच करतं. तुमचा पासवर्ड तारेवरून जातच नाही, जातो तो काही तासांचा पास. फार सुंदर रचना आहे, आजही तिची पाचवी आवृत्ती मोठमोठ्या कचेऱ्यांत चालते.

चौथ्या आवृत्तीचा घोटाळा शिक्क्यात होता. तो डीईएस नावाच्या ५६ बिटांच्या किल्लीने उमटायचा. १९९८ च्या जुलैत अमेरिकेतल्या एका संस्थेने खास यंत्र बांधून अशी किल्ली ५६ तासांत शोधून दाखवली. आम्ही तेव्हा सांगलीत फ्लॉपी खिशात घालून लॅबबाहेर रांगेत उभे असायचो. २००६ मध्ये एमआयटीने चौथी आवृत्ती संपल्याचं जाहीर केलं आणि २००९ मध्ये आपल्या लायब्ररीतून तिचा कोड काढूनही टाकला. आमच्या प्रोग्रॅममध्ये मात्र त्या लायब्ररीला हाक मारणाऱ्या ओळी तशाच होत्या. भिंत पडली, पण दार उभं.

'राहू दे की, कुणाचं काय अडलंय?' असं गटातले बरेच जण म्हणत. मी साताऱ्याच्या वाड्यांचं उदाहरण दिलं. वाड्याचा मोठा दरवाजा रात्री अडसर लावून बंद करतात, पण त्यातली दिंडी उघडी राहिली तर अडसराचा उपयोग काय? मेलचंही तसंच. जोडणी सुरू होताना सर्व्हर आपल्याला चालणाऱ्या पद्धतींची यादी सांगतो. जोडणी सुरक्षित नसेल तर मध्ये बसलेला लबाड माणूस त्या यादीतल्या भक्कम पद्धती गाळून कमकुवत तेवढीच पुढे सरकवू शकतो. आपल्या प्रोग्रॅमला ती येत असेल तर तो बिचारा मान डोलावतो. त्यात हा कोड कुणी तपासूही शकत नव्हतं, कारण तपासायला तसा सर्व्हरच हाताशी नव्हता.

ओळी पुसायला एक दुपार पुरली. वाद चालला तो पुढे जवळजवळ महिनाभर. वर्षानुवर्षांपूर्वी कुणीतरी सेटिंगमध्ये 'कर्बेरॉस ४' निवडून ठेवलं असेल. नवी आवृत्ती घेतल्यावर प्रोग्रॅमला तो शब्दच कळणार नाही. मग त्याने काय करायचं? आमच्या कोडची जुनी सवय अशी की न कळलेली निवड दिसली की साध्या पासवर्डावर यायचं. म्हणजे ज्या माणसाने पासवर्ड तारेवरून जाऊ नये म्हणून ही पद्धत निवडली, त्याचाच पासवर्ड आम्ही त्याला न विचारता पाठवून देणार! मी म्हणत होते, थांबा आणि विचारा. समोरचे म्हणत होते, मेल बंद पडली की लोक प्रोग्रॅमच सोडून जातील. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तरीही मी हटले नाही. शेवटी थांबून विचारायचं ठरलं.

विचारायचं कोणत्या शब्दांत, हे मात्र मला सांगलीने शिकवलं. ३० मे २०२२ पासून गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डावर मेल उघडणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमना दार बंद केलं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने कंपन्यांच्या मेलसाठी तेच सुरू केलं. जूनमध्ये नात्यातल्या एका काकांचा फोन आला. त्यांचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान. परगावच्या व्यापाऱ्यांची बिलं मेलवर येतात आणि तीन दिवस एकही मेल नाही. दुकानातला जुना प्रोग्रॅम (आमचा नव्हे) एवढंच म्हणत होता, 'पासवर्ड चुकीचा आहे.'

"अगं, चार वेळा बदलला पासवर्ड," काका म्हणाले. "आता तर पोरावरच संशय यायला लागलाय. त्यानंच काहीतरी केलं असणार."

पासवर्ड बरोबर होता. पोरगाही निर्दोष होता. किल्ली ठीक होती, दारच बुजवलेलं होतं. पण हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. फोनवर तासभर बसून आम्ही खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावली आणि त्या प्रोग्रॅमपुरता सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड काढला. काकांनी तो पेन्सिलीने खातेवहीच्या पुठ्ठ्यावर लिहिला. मी काही बोलले नाही. पुढे दिवाळीत मी त्यांना नवा प्रोग्रॅम घालून दिला. त्यात गुगलचंच पान उघडतं, तिथे तुम्ही ओळख पटवता आणि प्रोग्रॅमच्या हाती पडतो फक्त पास. पुन्हा एसटीचा डेपो!

त्या फोननंतर मी आमच्या प्रोग्रॅममधल्या सूचना बदलायला घेतल्या. 'पासवर्ड चुकीचा' हे शब्द आता सर्व्हरने तसं स्पष्ट सांगितलं तरच दिसतात. पद्धत बंद झाली असेल तर तसंच लिहिलेलं असतं: तुमचा पासवर्ड बदलू नका, ही पद्धत आता चालत नाही, पुढे काय करायचं ते असं. मराठी भाषांतर मीच केलं. त्यातल्या पहिल्या वाक्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण ते वाचणारा माणूस आधीच घाबरलेला असतो.

माझी दहा मिनिटं संपली. जेवणानंतर मी इथेच आहे. दुकानात, दवाखान्यात, शाळेच्या कचेरीत कुणाची मेल अशी अडली असेल तर या. फक्त पासवर्ड मला सांगू नका.