सुट्टीतले संशोधन

परीक्षा संपल्या संपल्या पुन्हा तासाला बसल्यासारखे इथे येऊन बसलेल्या विद्यार्थी मित्रांनो,

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून आपल्याकडे उन्हाळा आणि विद्या यांचे थोडेफार नाते आहे. आज त्याच उन्हाळ्यातल्या दुसऱ्या एका उद्योगाबद्दल बोलतो. बी.एस्सी.ची, इंजिनिअरिंगची काही मुले-मुली मे-जूनमध्ये एखाद्या संशोधन संस्थेत जातात, एका शास्त्रज्ञाच्या हाताखाली छोटासा प्रश्न घेतात आणि दोन महिने त्याच्याशी झटापट करतात. त्यातून बहुतेक वेळा शोध वगैरे काही लागत नाही. तरी मुलांनी जावे असे मला का वाटते, ते सांगतो.

आपल्याकडे प्रॅक्टिकल कसे होते, हे इथल्या निम्म्या मंडळींना ठाऊक आहे. साधा दोलक घ्या. दोरा, गोळी, स्टॉपवॉच. वीस दोलने मोजायची आणि गुरुत्वत्वरण काढायचे. ९८० च्या आसपास आले की सर सही करतात. नाही आले तर पोरे उलटीकडून गणित मांडतात. ९८० यायला किती सेकंद हवेत ते आधी काढायचे, मग खरे वाटावे म्हणून एक दशांश इकडे, दोन दशांश तिकडे करायचे आणि फेअर जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवायचे. रीडिंग जमले!

आता गंमत बघा. ९८०.६६५ हा आकडा १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने प्रमाण म्हणून ठरवलेला आहे, आणि तो साधारण ४५ अंश अक्षांशाचा. आपण विषुववृत्ताच्या कितीतरी जवळ. मुंबईच्या किनाऱ्यावर खरे मूल्य ९७८.६ च्या आसपास आहे, पुण्यात उंचीमुळे आणखी किंचित कमी. शिवाय मीटरभर लांबीच्या दोलकाला वीस दोलनांना चाळीस सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबताना एक दशांश सेकंदाचा घोळ झाला, तर काळाचा वर्ग होत असल्यामुळे उत्तरात पाचाच्या आसपास फरक पडतो. म्हणजे ९७४ हे उत्तरही प्रामाणिक आणि ९८३ हेही. तंतोतंत ९८०.७ आणणाऱ्याकडे मात्र संशयाने बघायला हवे, आणि आपण त्यालाच दहापैकी दहा देतो. तीन वर्षे प्रयोगशाळेत काढून मुलगा जे शिकतो ते हे. मला यात मुलांचा दोष फारसा दिसत नाही. उत्तर आधीच ठरलेले असेल, तर मोजायचे कशासाठी?

सुट्टीतल्या प्रोजेक्टमध्ये उत्तर कोणालाच माहीत नसते, मार्गदर्शकालाही नसते. फरक आहे तो इथे.

जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला, जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली ही दुर्बीण आपल्यापैकी अनेकांनी सहलीत लांबून पाहिली असेल. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना, त्यातल्या चौदा मध्यभागी एकत्र आणि सोळा तीन भुजांवर पसरलेल्या. प्रत्येक अँटेनाचा संदेश इतर प्रत्येकीशी जुळवायचा म्हणजे ४३५ जोड्या होतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या उन्हाळी कार्यक्रमातून तिथला डेटा हाताळायची संधी मिळालेली मुलगी दीर्घिकांची स्वप्ने बघत पुण्यात येते, आणि पहिले काही आठवडे संगणकापुढे बसून कचरा निवडते. याला फ्लॅगिंग म्हणतात. विजेच्या तारांवरची ठिणगी, मोबाइलचा मनोरा, डोक्यावरून गेलेला उपग्रह, रुसलेली एखादी अँटेना, या सगळ्यांची घाण आकाशातून आलेल्या क्षीण संदेशात मिसळलेली असते. ती ओळखून काढून टाकायची. मोजमाप बरोबर आहे का, हे ताडायला ३सी ४८ सारखा आधीच नीट मोजलेला स्रोत असतो.

खरी परीक्षा पुढे आहे. कमी काढले तर चित्रात पट्टे उठतात, जास्त काढले तर ज्या स्रोतासाठी सगळा खटाटोप केला तो फिका होतो. मग एका संध्याकाळी पडद्यावर कुठल्याही यादीत नसलेला ठिपका उगवतो. मुलगी हरखते. मार्गदर्शक एवढेच विचारतात, ‘बरोबर मध्यभागी आहे का?’ चित्राच्या नेमक्या केंद्रावरचा ठिपका अनेकदा आकाशात नसतोच. यंत्रणेतच राहिलेली छोटीशी स्थिर चूक नेमकी तिथे येऊन बसते. मग पुन्हा पहिल्यापासून. इथे मनासारखा निकाल यावा म्हणून डेटा निवडला, तर अडवायला परीक्षक नसतो. आपणच स्वतःला पकडायचे. हे बारावीच्या किंवा सीईटीच्या कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत, शिकवता येईल असेही मला वाटत नाही.

विद्यार्थ्यांच्या हातून मोठे काही होतच नाही, असा मात्र समज करून घेऊ नका. आयआयटी कानपूरची गोष्ट घ्या. दिलेली संख्या मूळ आहे की नाही, हे खात्रीने आणि अंक वाढले तरी वेळ भडकू न देता ठरवता येईल का, हा जुना प्रश्न. २००१ साली रजत भट्टाचार्जी आणि प्रशांत पांडे या विद्यार्थ्यांच्या अहवालात एक अटकळ आली. पुढच्या वर्षी बी.टेक.च्या शेवटच्या वर्षातले नीरज कयाल आणि नितीन सक्सेना ती तपासत बसले, संख्या एक हजार कोटीपर्यंत नेऊन. एकदाही चुकली नाही! आपल्यातले बरेच जण इथेच पेढे वाटून मोकळे झाले असते. या दोघांनी मनींद्र अग्रवाल या आपल्या मार्गदर्शकांबरोबर त्याच उन्हाळ्यात वेगळी, पक्की सिद्ध करता येणारी वाट शोधली. ऑगस्ट २००२ मध्ये नऊ पानांचा निबंध बाहेर पडला, २००४ मध्ये तो ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये आला आणि २००६ मध्ये तिघांना गोडेल पारितोषिक मिळाले. मूळची अटकळ मात्र सिद्ध झालेली नाही. उलट ती बहुधा खोटीच असावी, असा तर्क लेन्स्ट्रा आणि पोमरन्स यांनी पुढे मांडला. हजार कोटी संख्यांनी दिलेला कौलसुद्धा पुरावा ठरत नाही, हे विशी-बाविशीतल्या मुलांना कळले होते.

विद्यार्थ्यांनी संशोधन करावे, ही कल्पना संस्थात्मक रूपात आली ती अमेरिकेत. एमआयटीमध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ मध्ये पदवीच्या मुलांसाठी असा कार्यक्रम उभारला. त्यामागे पोलरॉइडवाले एडविन लँड यांचा आग्रह होता. पण त्याच्या किती तरी आधी, १९२८ च्या उन्हाळ्यात, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातला सतरा वर्षांचा चंद्रशेखर कलकत्त्याला काकांच्या, म्हणजे रामन यांच्या, प्रयोगशाळेत राहिला होता. रामन परिणाम नुकताच जाहीर झालेला. इतके असूनही तो प्रयोगांकडे वळला नाही, सिद्धांताकडेच गेला. सुट्टीत एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

आता थोडे कडू. नव्या चार वर्षांच्या पदवीत, यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यानुसार, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येतो, बारा क्रेडिटच्या प्रोजेक्टसकट. हेतू चांगला आहे. पण ज्या कॉलेजात तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक सायकलसारखे या वर्गातून त्या वर्गात पळत असतात, तिथे मार्गदर्शन कोण करणार? मग बाजार धावून येतो. पैसे भरा, घरबसल्या इंटर्नशिप करा, प्रमाणपत्र मेलवर. तालुक्याच्या गावातले पालक बिचारे याला भुलतात, कारण खऱ्या संधींची माहिती त्यांच्यापर्यंत मुदत संपल्यावर पोचते.

म्हणून नीट ऐका. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची उन्हाळी शिष्यवृत्ती देतात. तिचे अर्ज उन्हाळ्यात मागवत नाहीत, आदल्या हिवाळ्याच्या तोंडावर, नोव्हेंबरच्या सुमारास मागवतात. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात २००४ पासून पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांसाठी कार्यक्रम चालतो. यांतून विद्यावेतन मिळते, आपल्याला पैसे भरावे लागत नाहीत. उलटे असेल तिथे जाऊच नका. मुलीला दोन महिने परगावी कसे पाठवायचे, हा प्रश्न आजही घरोघरी निघतो. त्यावर माझा उपाय साधा आहे: आदल्या वर्षी जाऊन आलेल्या मुलीला आणि तिच्या आईला घरी चहाला बोलवा.

अर्जात ‘मला संशोधनाची तीव्र आवड आहे’ असे लिहू नका. सगळेच लिहितात. कोणता प्रश्न, का, आणि त्यातले काय वाचले, ते लिहा. शिफारसपत्रासाठी शेवटच्या दिवशी स्टाफरूमच्या दारात उभे राहू नका. आणि माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. मुलानेच टाइप करून आणलेल्या शिफारसपत्रावर न वाचता सही करायची जी सवय आपल्याला लागली आहे, ती या नोव्हेंबरपासून सोडूया.