मुष्टियोद्धा आणि मद्याचा पेला



ज्युबिलीचा उत्सव म्हणजे देवानें दिलेल्या देणग्यांची मोजदाद करण्याचा काळ होय. आपल्या पूर्वजांनीं पोटास चिमटा घेऊन हें देऊळ उभारिलें व आपल्या हातीं श्रद्धेचा ठेवा दिला, त्याबद्दल देवाचे उपकार मानण्यास आपण येथें जमलों आहों. परंतु ज्या घरांत मिळकतीचा हिशेब होतो, त्या घरांत गळतीचाही हिशेब व्हावा लागतो. म्हणून आजच्या मंगल दिवशीं देवाची एक मोठी देणगी कशी गळून गेली, याची हकीकत आम्ही आपणांपुढें ठेवणार आहों. ती दूर देशची व एकोणिसाव्या शतकांतील आहे; पण ज्याची ती आहे, तो आपल्यासारख्याच कॅथलिक घरांत वाढलेला होता.

त्याचें नांव जॉन लॉरेन्स सलिव्हन. अमेरिकेंतील बॉस्टन शहरालगतच्या रॉक्सबरी येथें १५ ऑक्टोबर १८५८ रोजीं तो जन्मास आला. आईबाप आयर्लंडांतून पोटासाठीं आलेले. बाप गवंड्यांच्या हाताखालीं ओझीं वाहणारा मजूर. मुलानें धर्मगुरु व्हावें, अशी आईची इच्छा होती. मुलानें नळकाम, पत्र्याचें काम, गवंडीकाम असे धंदे करून पाहिले. परंतु त्याच्या बाहूंत जें बळ होतें तें कोणत्याही धंद्यांत मावण्यासारखें नव्हतें. तो मुष्टियुद्धाकडे वळला. ह्या खेळांत वजनाप्रमाणें वर्ग असतात व सर्वांत जड वर्गास हेवीवेट म्हणतात. ७ फेब्रुवारी १८८२ रोजीं मिसिसिपी सिटी येथें सलिव्हननें पॅडी रायन ह्या विजेत्यास नवव्या फेरींत लोळविलें आणि वयाच्या तेविसाव्या वर्षीं तो हेवीवेटांचा राजा झाला.

त्यानंतर त्याचें जें कौतुक झालें त्यास सीमा राहिली नाहीं. १८८३ च्या शरदांत तो आपली मंडळी घेऊन देशभर फिरावयास निघाला. जो कोणी चार फेऱ्या आपल्यापुढें उभा राहील त्यास बक्षीस देऊं, असें तो गांवोगांव जाहीर करी, आणि बक्षिसाचा आंकडा हजार डॉलरांपर्यंत चढला. सुमारें आठ महिने ही फेरी चालली. आयर्लंडांतून आलेल्या गरीब मजुरांस, ज्यांस त्या देशांत कोणी मान देत नसे, हा आपला मुलगा सर्वांस भारी ठरला, याचा केवढा अभिमान वाटला असेल! त्याचा हात एकदां हातीं घेतला कीं त्यांस जन्माचें सार्थक वाटे. आणि हात हातीं घेऊन झाला, कीं ते त्याच्यापुढें पेला ठेवीत.

बंधुभगिनींनो, ह्या पेल्याकडे आपण लक्ष द्यावें. कोणी शत्रूनें तो पुढें केलेला नव्हता. करणाऱ्यांचे हात प्रेमाचे होते. सलिव्हन स्वभावानें उदार; तोही सर्वांस पाजी. १८८३ सालीं त्यानें बॉस्टनमध्यें स्वतःचेंच मद्यगृह उघडलें. रात्रभर प्यावें आणि दुसऱ्या दिवशीं रिंगणांत उतरून प्रतिस्पर्ध्यास पाडावें, असें कित्येकदां घडलें. देवानें दिलेलें शरीर इतकें भक्कम होतें, कीं पेल्याचें कर्ज त्या शरीरानें वर्षानुवर्षें दडवून ठेविलें. दुबळा मनुष्य लवकर पडतो म्हणून लवकर सावध होतो. बळकटास आपण घसरत आहों हें उशिरां कळतें.

तथापि, पाहणाऱ्यांस तें दिसूं लागलें होतें. ३० जून १८८४ रोजीं न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें चार्ली मिचेल ह्या इंग्रज योद्ध्याशीं त्याचा सामना ठरला होता. हजारों लोक पैसे भरून आले. सलिव्हन आला तो लढण्याच्या वेषांत नव्हे, तर मेजवानीच्या पोषाखांत. आपली प्रकृति बरी नसल्यानें लढतां येत नाहीं, असें त्यानें सांगितलें. प्रकृतीस काय झालें होतें हें त्याच्या झोकांड्या सांगत होत्या. घरचें चित्र तर याहून करुण होतें. १८८५ सालीं त्याची पत्नी ॲनी, नवरा दारूबाज व क्रूर आहे, अशी फिर्याद घेऊन न्यायासनापुढें गेली. तिला घटस्फोट मिळाला नाहीं. पुढच्याच वर्षीं त्यांचा एकुलता एक लहानगा मुलगा घटसर्पानें वारला. वर्तमानपत्रें विजेत्याच्या ठोशांचीं वर्णनें छापीत. त्या घरांतील स्त्रीच्या अश्रूंचा हिशेब मात्र कोणी ठेविला नाहीं.

१८८८ सालीं तो इतका आजारी पडला, कीं आतां तो वांचत नाहीं असें सर्वांस वाटलें. तो उठला, परंतु देह फोफसलेला व हातपाय गळालेले. पुढच्या वर्षीं जेक किलरेनशीं सामना ठरला, तेव्हां त्याच्या पाठीराख्यांनीं त्यास विल्यम मुल्डून नांवाच्या कडक शिस्तीच्या मल्लाच्या हवालीं केलें. मुल्डूननें त्यास न्यू यॉर्क राज्यांतील बेलफास्ट ह्या खेड्यांतील आपल्या शेतावर नेलें, मद्यापासून दूर ठेविलें, लांकडें फोडावयास लाविलें, मैलोगणती चालविलें व दोरीवरून उड्या मारावयास लाविल्या. कांहीं आठवड्यांत चरबी झडली आणि जुना सलिव्हन दिसूं लागला.

८ जुलै १८८९ रोजीं मिसिसिपी राज्यांतील रिचबर्ग येथें रणरणत्या उन्हांत तो सामना झाला. हातांत मोजे नाहींत, उघड्या मुठी. मनुष्य जमिनीवर पडला कीं फेरी संपावयाची, असा जुना नियम. दोन तासांहून अधिक वेळ, पंचाहत्तर फेऱ्यांपर्यंत तें युद्ध चाललें. चव्वेचाळिसाव्या फेरीच्या सुमारास सलिव्हनला ओकारी झाली; किलरेननें बरोबरीवर सामना सोडण्याची तयारी दाखविली; सलिव्हननें ती झिडकारली आणि अखेर किलरेनच्या माणसांनींच हार पत्करिली. उघड्या मुठींनीं झालेला हेवीवेट अजिंक्यपदाचा तो शेवटचा सामना होय. कांहीं आठवड्यांच्या संयमानें काय साधतें, याचें याहून स्पष्ट प्रमाण काय पाहिजे?

परंतु तो संयम मुल्डूनचा होता, सलिव्हनचा नव्हता. पहारा उठला आणि संयमही उठला. पुढें तीन वर्षें त्यानें अजिंक्यपदासाठीं एकही सामना केला नाहीं. नाटकांत कामें केलीं, ऑस्ट्रेलियापर्यंत दौरा केला, आणि पिणें पूर्ववत् चालूं ठेविलें. ७ सप्टेंबर १८९२ रोजीं न्यू ऑर्लीन्स येथें जेम्स कॉर्बेट नांवाचा तरुण त्याच्यासमोर उभा राहिला. हाही आयरिश कॅथलिक घरचा, पूर्वीं सॅन फ्रान्सिस्कोंतील एका पेढीवरचा कारकून. वजनानें सलिव्हनहून पुष्कळ हलका, परंतु शरीरानें निर्मळ व पायांनीं चपळ. सलिव्हन ठोसा मारी, तों कॉर्बेट तेथून निसटलेला असे. एकविसाव्या फेरींत सलिव्हन कोसळला तो उठला नाहीं. तेव्हां त्याचें वय अवघें तेहतीस वर्षांचें होतें. कॉर्बेटचें कौशल्य थोर होतें यांत शंका नाहीं. पण त्याच्या पुढ्यांत जो उभा होता तो दहा वर्षें पेल्यानें पोखरलेला होता. दहा लाख डॉलरांहून अधिक कमाई त्याच्या हातांतून गेली असें सांगतात. ती कोठें गेली हें सांगावयास नको.

येथेंच गोष्ट संपली असती, तर आम्ही ती ह्या उत्सवांत सांगितली नसती. मार्च १९०५ मध्यें, सेहेचाळीस वर्षांचा, अवाढव्य वजनाचा झालेला सलिव्हन इंडियाना राज्यांतील टेरे होट गांवीं एका मद्यगृहांत बसला होता. त्यानें शँपेनचा पेला मागविला आणि ओठांस न लावितां ओतून टाकिला. पुन्हां मद्यास शिवणार नाहीं, अशी शपथ त्यानें तेथेंच वाहिली. ह्या वेळीं कोणी मुल्डून पाठीशीं नव्हता; जिंकावयास अजिंक्यपद नव्हतें. तरीही ती शपथ त्यानें मरेपर्यंत, जवळजवळ तेरा वर्षें पाळिली. इतकेंच नव्हे, तर गांवोगांव जाऊन, मद्यानें आपलें काय केलें हें तो व्याख्यानांतून सांगूं लागला. २ फेब्रुवारी १९१८ रोजीं, म्हणजे प्रभूच्या समर्पणाच्या सणादिवशीं, मॅसाच्युसेट्समधील ॲबिंग्टन येथें त्याचा अंत झाला. किलरेनवरील विजयापेक्षां हा विजय मोठा, असें आम्ही मानतों. कारण पहिला दुसऱ्याच्या धाकानें मिळाला, दुसरा त्याचा स्वतःचा होता.

ह्याच काळांतील आणखी एका आयरिश माणसाचें स्मरण येथें होतें. डब्लिनचा मजूर मॅट टॅल्बट लहानपणापासून दारूच्या आहारीं गेला होता. १८८४ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं सलिव्हन न्यू यॉर्कांत झोकांड्या देत उभा होता त्याच वर्षीं, एके दिवशीं हा टॅल्बट खिसा रिकामा असतां मद्यगृहाबाहेर उभा राहिला. ज्यांस त्यानें वारंवार पाजलें होतें ते सोबती बाजूनें निघून गेले. कोणीं त्यास पेला देऊं केला नाहीं. तो घरीं गेला आणि धर्मगुरूपाशीं जाऊन त्यानें तीन महिन्यांची शपथ घेतली. पुढें ती जन्माची झाली. १९२५ सालीं मिस्साला जातांना वाटेंत त्यास मरण आलें. १९७५ सालीं पोप सहावे पॉल ह्यांनीं त्यास ‘पूजनीय’ ही पदवी दिली. एकास पेला मिळाला नाहीं म्हणून तो शुद्धीवर आला. दुसऱ्यास पेला सतत मिळत गेला म्हणून वीस वर्षें तो बुडत राहिला. हा फरक आपण घरीं घेऊन जावा.

पवित्र ख्रिस्तसभा द्राक्षारसास शाप देत नाहीं. वेदीवर तोच अर्पण होतो आणि काना गांवच्या लग्नांत प्रभूनें तो पुरविला. ती सांगते तो संयम. परंतु ज्याच्या शरीरास मद्य जडलें, त्यास संयमाचा पेला नाहीं. त्यास पूर्ण त्यागच हवा. मद्यासक्ति हा आजार आहे, असें आजचें वैद्यकशास्त्र सांगतें, आणि फार पिणाऱ्यानें एकाएकीं सोडणें कधीं कधीं जिवावरही बेततें. म्हणून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. १९३५ सालीं अमेरिकेंतील ॲक्रन गांवीं दोघा मद्यासक्तांनीं ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ हा परस्परसाहाय्याचा संघ आरंभिला. त्याच गांवच्या सेंट थॉमस रुग्णालयांत सिस्टर इग्नेशिया ह्या धर्मभगिनीनें १९३९ पासून अशा रोग्यांस खाट दिली, जेव्हां इतर दवाखाने त्यांस दारांतून परत पाठवीत. ह्या संघाच्या सभा आज मुंबईंतही भरतात.

मग आपण काय करावें? लग्नाच्या मांडवांत किंवा सणाच्या पंगतींत जो नको म्हणतो त्यास पुन्हां आग्रह करूं नये. जो घसरला त्याची टिंगल करूं नये आणि त्याच्या पत्नीस एकटें सोडूं नये. ज्यानें शपथ घेतली त्याच्या शेजारीं आपणही पाण्याचा पेला घेऊन बसावें. मुल्डूनसारखा पहारा आपणांस कायमचा ठेवितां येणार नाहीं. पण सलिव्हनच्या चाहत्यांसारखें प्रेम तर आपण खास आवरूं शकतों.

आपल्या देवळाच्या ह्या ज्युबिलींत जे आनंदानें सामील झाले, त्यांच्यांत कोणी मनांतल्या मनांत झुंजत असेल. त्याची झुंज एकट्याची राहूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे. प्रभु येशू त्यास बळ देवो, पवित्र मरियामाता त्याच्या घरावर आपलें छत्र धरो, आणि त्याच्यापुढें पेला सारण्यापूर्वीं आपले हात थबकोत. आमेन.