गणिताला सोबत लागते



आत्ताच आपल्या महाविद्यालयाचा बक्षीस समारंभ झाला. गणिताची बक्षिसं घ्यायला मंचावर आलेल्यांत मुली जास्त होत्या. त्यांचं मनापासून अभिनंदन! आपल्याकडे एम.एस्सी.च्या वर्गांतही मुली भरपूर दिसतात. पण पीएच.डी., प्राध्यापकपद, संशोधन संस्था अशी एकेक पायरी वर जावं, तशी त्यांची संख्या घटत जाते. या मुली जातात कुठे?

बुद्धी कमी पडली म्हणून त्या थांबत नाहीत. संशोधनात हात बसू लागतो, नेमकं तेव्हाच लग्न, बदली, बाळंतपण, घरातलं आजारपण समोर येतं. गाव बदललं की मार्गदर्शकांची रोजची भेट तुटते, सेमिनार सुटतो, आणि "ही सिद्धता जरा बघतेस का?" असं विचारायला जवळ कुणी उरत नाही. गणिताला महागडी प्रयोगशाळा लागत नाही, पण बोलायला माणूस लागतं. ते हरवलं की गणितही हळूहळू हातातून सुटतं.

यावर तिघी गणितज्ञांनी शोधलेला उपाय मला तुम्हाला सांगायचा आहे. क्रिस्टिन लॉटर, रेचल प्राइस आणि रेनाटे शाइडलर या तिघी नंबर थिअरीत, म्हणजे संख्या सिद्धांतात काम करणाऱ्या. या विषयाच्या परिषदांत स्त्री वक्त्या फारच कमी असतात, हे त्यांना खटकत होतं. २००८ साली त्यांनी कॅनडातल्या बॅन्फ इथे आठवडाभराची कार्यशाळा घेतली. तिचं नाव 'विमेन इन नंबर्स'.

या कार्यशाळेची रीत समजून घ्या. अनुभवी प्राध्यापिका एक न सुटलेला प्रश्न घेऊन येते. तिच्या गटात नुकतीच पीएच.डी. झालेल्या आणि अजून शिकत असलेल्या मुली असतात. काय वाचून यायचं, ते आधीच कळवलेलं असतं. आठवड्यातला बराचसा वेळ फळ्यापाशी जातो. एकजण संगणकावर उदाहरणं काढते, दुसरीला त्यांतला आकृतिबंध दिसतो, तिसरी विचारते, "पण ही पायरी आली कुठून?" आणि त्या प्रश्नातूनच सिद्धतेची वाट सापडू शकते. शेवटी प्रत्येक गट आपलं काम सगळ्यांपुढे मांडतो. घरी परतल्यावरही काम चालूच राहतं आणि शोधनिबंध सगळ्यांच्या नावाने निघतो. गणितात लेखकांची नावं बहुधा वर्णानुक्रमे छापतात, त्यामुळे विद्यार्थिनीचं नाव प्राध्यापिकेच्याही आधी येऊ शकतं!

पहिल्या कार्यशाळेतल्या संशोधनाचा ग्रंथ २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे टोपोलॉजी, बीजगणित, गणिती जीवशास्त्र अशा शाखांतही स्त्रियांची अशी जाळी उभी राहिली. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या 'असोसिएशन फॉर विमेन इन मॅथेमॅटिक्स'ने त्यांना बळ दिलं. आपल्याकडेही 'इंडियन विमेन अँड मॅथेमॅटिक्स' हे व्यासपीठ देशभरातल्या गणिती स्त्रियांना एकत्र आणतं. मुलींनो, त्याची माहिती जरूर काढा.

गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकरांचं 'गणितगप्पा' हे पुस्तक तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. मुंबई विद्यापीठात १९६४ साली त्या एम.ए.ला पहिल्या आल्या. पीएच.डी. मात्र १९८१ ची. मधल्या काळात लग्न, परदेशातला संसार, तीन मुली. त्यांनी गणित सोडलं नाही, याचा मला फार अभिमान वाटतो. पण प्रत्येक मुलीकडून आपण एवढ्या चिकाटीची अपेक्षा का ठेवावी? वाट सोपी करणं आपल्याही हातात आहे.

म्हणून माझं मागणं आहे. प्राचार्यसाहेब, आठवड्यातून एक तास, फळा असलेली एक खोली गणिताच्या गटासाठी द्या. प्राध्यापकांनो, लग्न होऊन किंवा नोकरीसाठी बाहेर गेलेल्या माजी विद्यार्थिनींना त्या तासाला ऑनलाइन बोलवा. पालकहो, लेक किंवा सून आठवडाभर कार्यशाळेला निघाली, तर "मुलांचं कोण बघणार?" असं तिला विचारू नका; "आम्ही बघतो," म्हणा. मुलांनो, गटात वर्गमैत्रिणीची कल्पना पुढे नेलीत, तर ती तिची आहे हे सगळ्यांसमोर सांगा. आणि मुलींनो, अडलेल्या गणितापाशी एकटीने कुढत बसू नका. फळ्यापाशी या, मैत्रिणीलाही सोबत आणा.

महाविद्यालयाच्या पुढच्या वर्षीच्या अहवालात या गटाचं काम वाचायला मिळेल, अशी मला खात्री आहे.