मोटारीचा ओसरता मोह आणि हुबळी-धारवाडची बस
(भाषणाचा मजकूर)

मोटार म्हणजे सुबत्तेची खूण, ही समजूत विसाव्या शतकाने जगभर रुजविली. ज्या राष्ट्रांनी ती रुजविली, तेथेच आता मोटारीचा मोह काहीसा निवळू लागला आहे. अमेरिकेत दरडोई मोटारप्रवास २००४-०५ च्या सुमारास शिगेला पोहोचला आणि पुढे जवळजवळ दहा वर्षे उतरत गेला. नंतर त्याने थोडी उचल खाल्ली, हेही नमूद केले पाहिजे. तरुणांचा कल अधिक बोलका आहे. १९८३ मध्ये एकोणीस वर्षांच्या अमेरिकन तरुणांपैकी ८७ टक्के वाहनपरवाना बाळगून होते. २०१० मध्ये हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आत आले. इंग्लंडमध्येही १७ ते २० वर्षांच्या वयोगटात १९९० नंतरच्या दोन दशकांत परवानाधारकांचे प्रमाण निम्म्यावरून एकतृतीयांशाच्या खाली घसरले.

याला वैराग्य समजण्याचे कारण नाही. विम्याचा हप्ता, इंधनाचा खर्च, गाडी उभी करण्याची अडचण, लांबलेले शिक्षण आणि शहरातच राहण्याची आवड, अशी ही साधी कारणे आहेत. शिवाय शासनांनीही पावले उचलली. लंडनने फेब्रुवारी २००३ पासून शहराच्या मध्यभागी येणाऱ्या मोटारींवर आकार बसविला आणि बससेवा वाढविली.

हुबळी-धारवाडची स्थिती याहून निराळी आहे. १९६२ मध्ये या दोन शहरांची एक महानगरपालिका झाली, तरी त्यांच्यातील सुमारे वीस किलोमीटरचे अंतर काही मिटले नाही. जिल्ह्याची कचेरी, विद्यापीठ आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ धारवाडला. बाजारपेठ, मोठे रुग्णालय आणि दक्षिण-पश्चिम रेल्वेचे मुख्यालय हुबळीला. साहजिकच विद्यार्थी, पक्षकार, व्यापारी आणि रुग्ण यांची रोजची ये-जा अटळ ठरली. या मार्गावर खाजगी बसही धावत आणि त्यांच्या सेवेला कविवर्य द. रा. बेंद्रे यांचे नाव होते. घरी मराठी बोलणाऱ्या आणि कन्नड काव्यासाठी १९७३ चे ज्ञानपीठ पारितोषिक मिळविणाऱ्या कवीचे नाव बसला देणारे गाव क्वचितच सापडेल!

२ ऑक्टोबर २०१८ पासून या रस्त्यावर ‘चिगरी’ या नावाची जलद बससेवा धावू लागली. कन्नड भाषेत चिगरी म्हणजे हरिण. रस्त्याच्या मधोमध केवळ या बसकरिता स्वतंत्र मार्गिका आहेत. प्रवासी स्थानकावरच तिकीट काढतो, आणि चौथरा व बसची जमीन एका पातळीत असल्याने वृद्धांना पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. स्थानकाजवळ जादा मार्गिका असल्यामुळे थांबलेल्या गाडीला मागे टाकून जलद गाडी पुढे जाते. वायव्य कर्नाटक रस्ता परिवहन संस्था ही सेवा चालविते. रुंदीकरणात रस्त्याकाठची झाडे गेली, ही मात्र या योजनेची जड किंमत होय.

प्रगत देशांत मोटार घेऊन झालेला माणूस बसकडे वळविला जात आहे. येथे बसमध्ये बसलेल्या माणसाला बसमध्येच टिकवावयाचे आहे, आणि हे काम अधिक स्वस्त व अधिक निकडीचे आहे. महाविद्यालयात जाणारा मुलगा दुचाकीसाठी हट्ट धरतो, वडील कर्ज काढतात आणि हप्ता सुरू झाला की बसचे तिकीट महाग वाटू लागते. एकदा सुटलेला प्रवासी सहसा परत येत नाही.

तो सुटतो तो बहुधा बसमध्ये नव्हे, बसपर्यंतच्या वाटेवर. स्थानक रस्त्याच्या मध्यभागी असल्यामुळे प्रत्येकाला वेगाने धावणारी वाहने चुकवीत तेथे पोहोचावे लागते. घरापासून स्थानकापर्यंत सलग पदपथ, रात्रीचा दिवा, रस्ता ओलांडण्यासाठी पुरेसा वेळ देणारा सिग्नल आणि वसाहतींतून स्थानकाकडे येणारी छोटी बस, या गोष्टी नव्या गाड्यांइतक्या डोळ्यांत भरत नाहीत. परंतु लेकराला कडेवर घेऊन रुग्णालयाकडे निघालेली बाई बस धरणार की रिक्षा, हे त्यांवरच ठरते.